तारक्वीनी, गाब्रिएले

तारक्वीनी, गाब्रिएले : (२ मार्च १९६२ –  ). इटलीचा निवृत्त मोटार-शर्यतपटू व टूरिंग मोटारींच्या शर्यतींतील एक श्रेष्ठ चालक. फॉर्म्युला वन या प्रकारात अनेक हंगाम घालवूनही त्याच्या वाट्याला अवघा एक गुण आला. याउलट टूरिंग मोटारींच्या शर्यतींत त्याने ब्रिटिश (१९९४), यूरोपीय (२००३) आणि जागतिक (२००९) अशी तिन्ही अजिंक्यपदे मिळविली व वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी जागतिक टूरिंग मोटार चषकही (२०१८) जिंकला. एकाच चालकाच्या वाट्याला एका प्रकारात सतत अपयश आणि दुसऱ्या प्रकारात दीर्घकाळ यश का यावे, या प्रश्नाचे उत्तर त्या दोन प्रकारांच्या रचनेतच आहे. यंत्राला आवर घातला, की चालकाच्या कौशल्याला व अनुभवाला किती मोल येते, हे तारक्वीनीच्या कारकीर्दीवरून चांगले समजते.

टूरिंग मोटारींच्या शर्यतींचे स्वरूप : फॉर्म्युला वनची मोटार एकाच चालकासाठी, केवळ शर्यतीकरिता बांधलेली असते. तिची चाके उघडी असतात व तिचा कोणताही भाग बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीशी जुळत नाही. टूरिंग मोटार मात्र मुळात कुटुंबाच्या वापराची असते. नंदुरबार–धुळे रस्त्यावर धावणारी चार दरवाजांची साधी मोटार आणि शर्यतीतील टूरिंग मोटार यांचे कुळ एकच. शर्यतीसाठी तिच्यातील आसने व अस्तर काढून टाकतात, चालकाच्या रक्षणासाठी आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवितात, तसेच गतिरोधक, निलंबन, टायर व एंजिन यांत नियमांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत सुधारणा करतात. बाह्य आकार मात्र कारखान्यातून आलेल्या मोटारीचाच राहतो. त्यामुळे प्रेक्षकाला शर्यतीत आपल्या ओळखीची मोटार दिसते आणि उत्पादकाला आपल्या मालाची जाहिरात साधते.

या शर्यतींची परंपरा जुनी आहे. ब्रिटनमधील अजिंक्यपद-मालिका १९५८ साली, तर यूरोपीय मालिका १९६३ साली सुरू झाली. १९८७ साली प्रथमच जागतिक अजिंक्यपदाची मालिका झाली व तीत इटलीच्याच रॉबेर्तो राव्हाल्याने बीएमडब्ल्यू मोटारीतून विजय मिळविला; परंतु ती मालिका एका हंगामातच बंद पडली. पुढे २००५ साली तिचे पुनरुज्जीवन झाले. २०१८ पासून तिची जागा जागतिक टूरिंग मोटार चषकाने घेतली व हा चषक २०२२ पर्यंत चालला.

प्रारंभीचा काळ व फॉर्म्युला वन : तारक्वीनीचा जन्म इटलीच्या आब्रूत्सो प्रदेशातील जूल्यानोवा या एड्रिॲटिक किनाऱ्यावरील गावी झाला. इटलीतील बहुतेक शर्यतपटूंप्रमाणे त्यानेही आरंभीचे धडे कार्ट या छोट्या, उघड्या शर्यती-गाडीवर घेतले. फॉर्म्युला थ्रीमधील अल्प अनुभवानंतर १९८५ पासून तो फॉर्म्युला वनच्या लगतच्या खालच्या पायरीवर, म्हणजे फॉर्म्युला ३००० या प्रकारात उतरला. ३ मे १९८७ रोजी ईमोला येथील सान मारीनो ग्रां प्रीमध्ये ओझेल्ला संघाच्या मोटारीतून त्याने फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. यांत्रिक बिघाडामुळे ती शर्यत त्याला पुरी करता आली नाही.

१९८८ साली तो कोलोनी या लहान इटालियन संघात गेला. पुढच्या वर्षी एका नव्या इटालियन संघाशी त्याचा करार झाला होता. पण तो संघ शर्यतींत उतरलाच नाही. त्याच सुमारास ब्राझीलमधील सरावात एजीएस या फ्रेंच संघाचा चालक फिलीप स्ट्राइफ याला भीषण अपघात होऊन कायमचे अपंगत्व आले. त्याच्या रिकाम्या जागी तारक्वीनीची नेमणूक झाली. एजीएस हा मोजक्या माणसांचा व तुटपुंज्या साधनांचा संघ होता. तरीही २८ मे १९८९ रोजी मेक्सिको ग्रां प्रीमध्ये तारक्वीनीने सहावा क्रमांक मिळविला. त्या काळी पहिल्या सहा चालकांनाच गुण मिळत असत. त्याचा फॉर्म्युला वनमधील एकमेव गुण हाच होय.

त्या हंगामाच्या उत्तरार्धात संघाला पूर्वपात्रता-फेरीतून जाणे भाग पडले. १९८९ च्या हंगामात एकंदर ३९ मोटारींची नोंद होती आणि शर्यतीच्या प्रारंभरेषेवर मात्र २६ मोटारींनाच जागा होती. मुख्य पात्रता-फेरीत ३० मोटारी घेत. त्यांपैकी २६ मोटारींचा प्रवेश निश्चित असे व उरलेल्या चार जागांसाठी १३ मोटारींना शुक्रवारी सकाळी एक तासाची पूर्वपात्रता-फेरी द्यावी लागे. या तासाभरात एंजिन बिघडले, टायर पुरेसे तापले नाहीत किंवा समोर एखादी संथ मोटार आडवी आली, तर त्या चालकाचा आठवड्याचा कार्यक्रम तेथेच संपत असे. तारक्वीनीवर ही वेळ वारंवार आली. ७८ शर्यतींत नाव नोंदवूनही त्याला प्रत्यक्षात ३८ शर्यतींतच भाग घेता आला. पूर्वपात्रता-फेरीत सर्वाधिक वेळा अपयशी ठरण्याचा विक्रम त्याच्याच नावावर आहे.

१९९१ च्या अखेरीस तो फोंदमेताल संघात गेला. १९९२ साली तो नियमितपणे शर्यतीसाठी पात्र ठरू लागला. परंतु मोटार क्वचितच अखेरपर्यंत टिके आणि पैशाअभावी संघ हंगाम संपण्यापूर्वीच बंद पडला. १९९५ साली यूरोपीय ग्रां प्रीमध्ये टिरेल संघाच्या जपानी चालकाऐवजी तो एकदा उतरला. फॉर्म्युला वनमधील ती त्याची अखेरची शर्यत ठरली. हे अपयश चालकाच्या उणिवेमुळे आले, असे म्हणता येत नाही. श्रीमंत संघाच्या व गरीब संघाच्या मोटारींत एका फेरीमागे कित्येक सेकंदांचा फरक असे आणि तो भरून काढणे कोणाही चालकाच्या आवाक्याबाहेरचे होते.

ब्रिटिश अजिंक्यपद आणि पंखांचा वाद : अल्फा रोमेओ या इटालियन कंपनीने १९९२ साली इटलीत आणि १९९३ साली जर्मनीत निकोला लारीनीच्या हाती १५५ ही मोटार देऊन अजिंक्यपदे मिळविली होती. १९९४ साली कंपनीने ही मोटार ब्रिटनमध्ये धाडली व चालक म्हणून तारक्वीनी आणि जांप्येरो सीमोनी यांची निवड केली. या मालिकेत दोन लिटर क्षमतेच्या एंजिनाच्या मोटारी धावत व नियमानुसार मोटारीचे बाह्य भाग ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतीवर असणे आवश्यक होते. अल्फा रोमेओने या नियमाचा नेमका फायदा घेतला. ग्राहकांसाठी काढलेल्या एका खास प्रतिकृतीत मागील पंख उंच करता येण्याजोगा व पुढील ओठ बाहेर सरकविता येण्याजोगा ठेवला आणि त्याची सामग्री मोटारीसोबत पुरविली. अशा पंखांमुळे वेगात असताना हवेचा दाब मोटारीला रस्त्याकडे दाबून धरतो, टायरांची पकड वाढते व वळण अधिक वेगाने घेता येते.

हंगामाच्या आरंभीच्या शर्यती तारक्वीनीने सलग जिंकल्या. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी तक्रार केली आणि ऊल्टन पार्क येथील शर्यतीच्या वेळी अधिकाऱ्यांनी पंख मागे घेऊन धावण्याचा आदेश दिला, तेव्हा अल्फा रोमेओचा संघ निषेध म्हणून मैदान सोडून गेला. पुढे तडजोड होऊन संघ परतला व तारक्वीनीने अजिंक्यपद मिळविले. १९९५ पासून अशा प्रकारचे पंख सर्वच मोटारींना वापरता येऊ लागले. या वादाला दोन बाजू होत्या. नियमाच्या शब्दांत बसणारी युक्ती ही अभियंत्याची हुशारी मानावी, की खेळाच्या हेतूला दिलेली बगल मानावी, याविषयी मतभेद राहिला. मात्र फॉर्म्युला वनमध्ये यंत्राने ज्याला मागे खेचले, त्याच चालकाला येथे यंत्राने पुढे नेले, ही गोष्ट नाकारता येत नाही. त्यामुळे तारक्वीनीच्या कौशल्याचे मूल्यमापन या एका अजिंक्यपदावरून करता येत नाही. त्यासाठी पुढील पंचवीस वर्षेच पाहावी लागतात.

यूरोपीय अजिंक्यपद : १९९६ साली तो अल्फा रोमेओच्याच संघातून आंतरराष्ट्रीय टूरिंग मोटार मालिकेत उतरला. या मालिकेतील मोटारींना बाह्य रूप तेवढे घरगुती मोटारीचे उरले होते. आतील इलेक्ट्रॉनिकीय यंत्रणा अत्यंत गुंतागुंतीच्या व महागड्या होत्या. खर्च न पेलल्यामुळे कंपन्यांनी अंग काढून घेतले आणि त्याच वर्षी मालिका बंद पडली. यंत्रावरील बंधने सैल झाली, तर ही शर्यत स्वतःच्याच भाराने कोसळते, हा धडा संघटकांना या प्रसंगातून मिळाला. त्यानंतर तारक्वीनीने होंडाच्या मोटारी घेऊन ब्रिटन व जर्मनी येथील मालिकांत भाग घेतला. २००३ साली अल्फा रोमेओ १५६ या मोटारीतून त्याने बीएमडब्ल्यूच्या यर्ग म्यूलरवर निसटती मात करून यूरोपीय अजिंक्यपद जिंकले. त्या वेळी तो ४१ वर्षांचा होता. या वयात बहुतेक शर्यतपटू निवृत्तीच्या वाटेवर असतात.

जागतिक अजिंक्यपद : २००६ साली तो सेआत या स्पॅनिश कंपनीच्या संघात गेला. या संघाने लेओन या मोटारीत डीझेल एंजिन बसविले व २००८ साली फ्रान्सच्या ईव्हाँ म्युलेरने त्या मोटारीतून जागतिक अजिंक्यपद मिळविले. तारक्वीनी दुसरा आला. पुढच्या वर्षी या दोन सहकाऱ्यांतील चुरस अखेरच्या मकाव येथील शर्यतींपर्यंत पोचली. मकावचा धावमार्ग सु. ६ किमी. लांबीचा असून तो शहरातील रस्त्यांवरूनच आखलेला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे आहेत व काही वळणांवर दोन मोटारी शेजारी-शेजारी जेमतेम मावतात. या शर्यतींअंती तारक्वीनीने चार गुणांच्या फरकाने अजिंक्यपद जिंकले. ४७ व्या वर्षी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे जागतिक अजिंक्यपद मिळवून त्याने अर्जेंटिनाच्या ह्वान मान्वेल फांजीओचा १९५७ पासूनचा वयाचा विक्रम मोडला. फांजीओने आपले अखेरचे फॉर्म्युला वन अजिंक्यपद ४६ व्या वर्षी मिळविले होते.

या मालिकेची रचना चालकाच्या विवेकाची परीक्षा पाहणारी होती. प्रत्येक ठिकाणी दोन शर्यती होत. पहिल्या शर्यतीतील पहिल्या आठ चालकांचा क्रम दुसऱ्या शर्यतीच्या प्रारंभी उलटा लावीत. म्हणजे आठवा आलेला चालक सर्वांपुढे आणि विजेता आठव्या जागी असे. यशस्वी मोटारींवर अधिक वजनही लादले जाई. त्यामुळे प्रत्येक शर्यत जिंकण्याच्या हट्टापेक्षा कोठे झुंजायचे आणि कोठे मिळेल तो क्रमांक पदरात पाडून घ्यायचा, हे हंगामभर ओळखणाऱ्यास अजिंक्यपद मिळे.

उत्तरकाळ व जागतिक चषक : २००९ च्या अखेरीस सेआत कंपनीने आपला अधिकृत संघ मागे घेतला. तारक्वीनीने खासगी संघाच्या मोटारीतून २०१० साली पुन्हा दुसरा क्रमांक मिळविला. २०१३ साली होंडा सिव्हिक मोटारीतूनही तो दुसरा आला. २०१६ साली तो रशियाच्या लाडा संघात होता. हंगामाअखेर तो संघ बंद झाला आणि तारक्वीनी चोपन्नाव्या वर्षी मोटारीविना उरला. दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने त्याला आय-३० एन या नव्या मोटारीच्या जडणघडणीचे व चाचण्यांचे काम दिले. ही मोटार टीसीआर या नियमावलीनुसार बांधलेली होती. या नियमावलीत दोन लिटर क्षमतेचे टर्बो एंजिन व पुढील चाकांना मिळणारी शक्ती ही मुख्य बंधने आहेत. उत्पादकाने मोटारी तयार करून खासगी संघांना विकाव्यात, अशी अपेक्षा असते. निरनिराळ्या मोटारींचे वजन, जमिनीपासूनची उंची व एंजिनाची शक्ती यांत फेरफार करून त्यांचे बळ शक्य तेवढे समान राखले जाते.

२०१७ साली चीनमध्ये या मोटारीने भाग घेतलेल्या पहिल्याच फेरीत तारक्वीनीने एक शर्यत जिंकली. २०१८ साली जागतिक टूरिंग मोटार चषकाच्या पहिल्याच हंगामात तो इटलीच्या बीआरसी या खासगी संघातून उतरला आणि मोरोक्कोतील मार्राकेश येथील पहिल्या फेरीतच त्याने दोन शर्यती जिंकल्या. अखेरची फेरी पुन्हा मकावलाच होती व प्रतिस्पर्धीही पुन्हा म्युलेरच होता. तोही ह्युंदाईचीच मोटार चालवीत होता. तारक्वीनीने तीन गुणांच्या फरकाने चषक जिंकला. २०२१ च्या हंगामाअखेर तो जागतिक मालिकेतून निवृत्त झाला. त्या वेळी तो एकोणसाठ वर्षांचा होता.

चालनकौशल्य व वय : त्याच्या बहुतेक टूरिंग मोटारींत एंजिनाची शक्ती पुढील चाकांना मिळत असे. अशा मोटारीत वळण घेणे व मोटार ओढणे ही दोन्ही कामे पुढील टायरांवर पडतात. चालकाने घाई करून वळणात अधिक वेग दिला, की हे टायर तापून झिजतात, पकड सुटते व मोटार वळणाबाहेर ओढली जाते. त्यामुळे सुकाणूचक्र मोजके फिरवणे, गतिरोधक हळुवारपणे सोडणे आणि शर्यतीच्या अखेरीसाठी टायर राखणे यांत खरे कौशल्य असते. टूरिंग मोटारींना प्रतिस्पर्ध्यांचे धक्केही बसतात. कोणता धक्का सोसावा व कोणता चुकवावा, याचे ज्ञान अनुभवाखेरीज येत नाही. प्रतिक्रियेचा वेग वयानुसार थोडा मंदावतो. पण पूर्वानुमान, संयम आणि मोटारीतील दोष अभियंत्यांना नेमक्या शब्दांत सांगण्याची क्षमता वाढत जाते. उघड्या चाकांच्या वेगवान मोटारींत या गुणांना वाव कमी मिळतो, तर टूरिंग मोटारींत तो अधिक मिळतो. तारक्वीनीच्या दीर्घ कारकीर्दीचे स्पष्टीकरण मुख्यत्वे येथे सापडते.

भारतातील स्थिती : २०११ ते २०१३ या काळात दिल्लीजवळच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय धावमार्गावर फॉर्म्युला वनची भारतीय ग्रां प्री भरली, मात्र टूरिंग मोटारींच्या वरील जागतिक मालिकांची फेरी भारतात झाली नाही. तरी घरगुती मोटारींच्या शर्यती भारताला नव्या नाहीत. चेन्नईजवळच्या शोळावरम येथील जुन्या धावपट्टीवर फिआट ११००, अँबॅसडर, स्टँडर्ड हेरल्ड यांसारख्या मोटारी धावत. यांपैकी फिआट मोटारी मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होत. पुढे इरुंगट्टुकोट्टै व कोईमतूर येथे कायम स्वरूपाचे धावमार्ग झाले. २०१० साली पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलो या मोटारीची स्वतंत्र शर्यतमालिका सुरू झाली. २०२४ साली पुण्याच्या डायना पुंडोले यांनी सलून मोटारींच्या राष्ट्रीय मालिकेत अजिंक्यपद मिळविले. मोटारींच्या शर्यतींतील राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. महागडी मोटार परदेशातून आणण्याची गरज नसल्यामुळे भारतीय चालकांना हा प्रकार तुलनेने अधिक परवडण्याजोगा ठरला आहे.

महत्त्व : केवळ आकडे पाहिल्यास तारक्वीनीचे नाव मोटार-शर्यतींच्या इतिहासात दोन परस्परविरोधी ठिकाणी आढळते : पूर्वपात्रता-फेरीतील अपयशांच्या यादीत अग्रभागी आणि वयस्क विजेत्यांच्या यादीतही अग्रभागी. पहिला विक्रम त्याला मिळालेल्या मोटारींचा होता. दुसरा बऱ्याच अंशी त्याचा स्वतःचा होता. अल्फा रोमेओ, होंडा, सेआत, लाडा व ह्युंदाई अशा भिन्न बनावटीच्या मोटारी, पेट्रोल व डीझेल अशी दोन्ही एंजिने आणि सतत बदलणारे नियम यांच्याशी जुळवून घेत त्याने जवळजवळ तीन दशके आघाडीचे स्थान टिकविले. शर्यतीतील यशाचे श्रेय चालकाला किती व यंत्राला किती, हा वाद जुना आहे. तारक्वीनीच्या उदाहरणाने तो मिटत नाही; परंतु चालकाची पारख एकाच प्रकारच्या मोटारीवरून किंवा काही हंगामांवरून करू नये, हे त्यावरून निश्चित होते.